स्वयंपाकाच्या युक्त्या आणि त्यांची कारणे



मी इयत्ता चौथीत शिकतो. दिवाळीनंतर माझ्या आईचे पोटाचे ऑपरेशन झाले. ६ आठवडे जड उचलायचे नाही, खाली बसून काम करायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. बाबा पहाटे धारा काढतात, डेअरीला दूध घालतात आणि तसेच शेतात जातात. राहिलो आजी आणि मी. आजीला सगळा स्वयंपाक येतो, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला जाळ दिसतो, पण मोहरी दिसत नाही. मग असे ठरले, की आजीने सांगायचे आणि मी करायचे.

मी भाकरी थापतो हे कळल्यावर वर्गातली काही मुले हसली. पण बाई म्हणाल्या, "शिकलास ते भित्तीपत्रकासाठी लिही. नुसती युक्ती नको, कारण पण लिही." म्हणून लिहीत आहे.

१) फोडणी : आजी कानाने फोडणी करते. तेल तापले का हे बघायला आधी एकच मोहरी टाकायची. ती लगेच तडतडली, की बाकीची टाकायची. आवाज कमी झाला की आजी म्हणते, "आता जिरे टाक." हळद आणि तिखट सगळ्यात शेवटी. कारण ती बारीक पूड असते. लवकर करपते आणि मग आमटी कडू लागते.

२) पालेभाजी : पहिल्या दिवशी मी मेथी केली. कढई भरून पाला होता, म्हणून मीठही तेवढेच टाकले. भाजी शिजून मूठभर झाली आणि मीठ तेवढेच राहिले! बाबांनी न बोलता खाल्ली, पण पाणी तीन तांबे प्यायले. आजी म्हणाली, "अरे लेकरा, पालेभाजी चोरटी असते. ती आधी बसू द्यावी, मग मीठ घालावे." पाल्यात पाणी खूप असते, ते निघून गेले की भाजी आळते. तसेच पालेभाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली तर तिच्यातली जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात.

३) आमटी खारट झाली तर : शेजारच्या काकूंनी सांगितले, की बटाटा टाक, तो मीठ ओढून घेतो. मी टाकून बघितला. बटाटा खारट झाला, पण आमटी पण खारटच राहिली. मग आजीने बिनमिठाची शिजलेली डाळ आणि गरम पाणी घालायला सांगितले. तेव्हा चव बरोबर झाली. टाकलेले मीठ काही परत निघत नाही. म्हणून आमटी वाढवावी लागते. त्यापेक्षा मीठ आधी कमीच टाकावे, मागून घालता येते.

४) डाळ : आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. त्या पाण्यात क्षार जास्त आहेत. घागरीला आतून पांढरा थर बसतो, तो त्याचाच. म्हणून डाळीला आम्ही नळाचे पाणी घेतो आणि डाळ अर्धा तास भिजत ठेवतो. चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावर घालावे. आंबट आधी पडले तर डाळ शिजायला फार वेळ लागतो. कुकरची वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. ते काम बाबाच करतात.

५) भाकरी : ज्वारीच्या पिठाला गव्हाच्या पिठासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पिठात कढत पाणी घालतात. त्याने पीठ थोडे शिजते आणि चिकटते. मग तळहाताने खूप रगडायचे. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीला भेगा पडतात. म्हणून आम्ही दळण थोडे थोडे आणतो. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचे आणि ते सुकायच्या आत उलटायची. आतल्या पाण्याची वाफ झाली की भाकरी फुगते. माझी पहिली फुगलेली भाकरी नवव्या दिवशी झाली. ती आईला दिली.

६) तेल पेटले तर : ही गोष्ट सर्वांनी नीट वाचा. एकदा मी कढईत तेल तापत ठेवले आणि शेळी सुटली म्हणून बाहेर पळालो. आजीला वास आला, तिने हाक मारली. मी आत आलो, तोच तेलाने भडका घेतला. मी पाण्याचा तांब्या उचलला. आजी ओरडली, "पाणी नको! गॅस बंद कर आणि ताट झाक!" मी गॅस बंद केला आणि मोठे ताट बाजूने सरकवत कढईवर झाकले. जाळ विझला. तेल गार होईपर्यंत आम्ही ताट काढले नाही.

पाणी का नको? पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तेलाखाली जाते. तिथे त्याची एकदम वाफ होते आणि ती पेटलेले तेल वर उडवते. ते माझ्या तोंडावर आले असते. पातेल्यावरचे झाकण नेहमी हाताशी ठेवावे. तेल तापत ठेवून कुठेही जाऊ नये. जाळ मोठा असेल तर मुलांनी जवळ जाऊच नये, बाहेर पळून मोठ्या माणसांना हाक मारावी.

माझ्या बोटाला चटका बसला होता. मी टूथपेस्ट लावणार होतो, पण आशाताईंनी सांगितले होते ते आईला आठवले. भाजल्यावर लगेच २० मिनिटे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नये, बर्फही लावू नये. कारण गार पाण्याने आतली आग निघते. जास्त भाजले तर दवाखान्यात जावे.

मोठे माणूस जवळ असल्याशिवाय मुलांनी गॅस पेटवू नये. आमच्या आजीला दिसत नाही, पण ती जवळ होती म्हणून मी वाचलो.

आता आई बरी आहे. उन्हाळ्यात आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे आहे. तेव्हा परत भाकरी मी करणार. ज्यांना हसायचे त्यांनी आमच्या घरी जेवायला यावे आणि मग हसावे.



– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी