जत्रेची वर्गणी आणि फडाची उचल



एकटा नट आणि मोकळें व्यासपीठ, एवढ्याच सामग्रीचा नाट्यप्रयोग दूरच्या एखाद्या महोत्सवास न्यावयाचा म्हटला, तर त्याचा खर्च कोणीं सोसावा? स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं १९४७ सालीं कलांचा एक मोठा महोत्सव भरला, तेव्हां आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसतांनाच तेथें जाऊन थडकल्या आणि त्यांनीं आपले खेळ आपल्याच जबाबदारीवर लावले. त्यांतून 'फ्रिंज' नांवाचा आजचा जगप्रसिद्ध उत्सव उभा राहिला. तेथें अजूनहि कोणी कोणाची निवड करीत नाहीं. ज्याला जावयाचें असेल त्यानें नाट्यगृहाचें भाडें, जाहिरात, प्रवास आणि ऑगस्ट महिन्यांतील महागडें बिऱ्हाड यांची तरतूद स्वतःच करावयाची. एकपात्री प्रयोगांची तेथें रेलचेल असते, तिचें एक कारण हेंच कीं, एका माणसाचें पोट दहांच्या पोटापेक्षां लहान. थोडक्यांत, कलावंतानें आधीं पैसे जमवावे आणि मग उत्सवास जावें, अशी तेथील रीत आहे.

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत मात्र गंगा उलटी वाहते. येथें पैसे जमवितो तो उत्सव, आणि आणला जातो तो कलावंत.

चैत्र लागला कीं या भागांत गांवोगांव ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. कोठें भैरवनाथ, कोठें खंडोबा, कोठें मुक्ताबाई. यात्रेच्या आधीं पंच मंडळी देवळांत बसतात, मागील वर्षाचा हिशेब वाचला जातो आणि उंबऱ्यामागें वर्गणी ठरते. घरटी एक तरी माणूस मुंबईस असावयाचाच. तेव्हां 'मुंबईकरां'ची वर्गणी निराळी, आणि ती थोडी चढीच. पालखी, शोभेची दारू, कुस्त्यांचा आखाडा, बैलगाड्यांच्या शर्यती व रात्रींचा तमाशा, हा सर्व खर्च या एका थैलींतून भागवावयाचा असतो. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली व त्या डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हां सुरू झाल्या. परंतु मधल्या काळांत घाट ओस पडले तरी तमाशावांचून यात्रा, ही कल्पना येथील माणसाला मानवली नाहीं.

थैली घेऊन पंच निघतात ते नारायणगांवीं. मीना नदीच्या कांठचें, पुणें-नाशिक रस्त्यावरील हें गांव शहरांतील घरांना द्राक्षांमुळें व टोमॅटोच्या बाजारामुळें ठाऊक असेल. तमाशाच्या लोकांना तें पंढरीसारखें आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें फडमालकांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीपुढें फडाचें व मालकाचें नांव असलेला फलक, आंत सतरंजी, आणि सतरंजीवर तारखांची वही घेऊन बसलेला व्यवस्थापक. पंच एका राहुटींतून दुसरींत जातात, चहा घेतात, भाव काढतात, उठल्यासारखें करतात आणि पुन्हां बसतात. व्यवहार जमला कीं सुपारी फुटते, इसार दिला जातो व वहींत तिथीपुढें गांवाचें नांव पडतें.

भाव ठरतो तो नुसत्या फडाच्या नांवावर नव्हे, तर तिथीवर. ही गोष्ट शहरवासीयांस नवलाची वाटेल. गांवाची यात्रा तिथीला बांधलेली; ती पुढें ढकलतां येत नाहीं. चैत्री पौर्णिमेस किंवा वद्य अष्टमीस पुष्कळ गांवांच्या यात्रा एकाच रात्रीं येतात आणि चांगले फड तर मोजकेच. त्या रात्रीं भाव चढतो. मधल्या एखाद्या रिकाम्या तिथीस तोच फड बराच कमी पैशांत मिळतो. मोठ्या फडाची एका रात्रीची सुपारी आज लाखांच्या घरांत जाते. रात्रीच्या खेळाखेरीज दुसऱ्या दिवशींची हजेरी सुपारींत धरली आहे कीं नाहीं, आणि वळवाचा पाऊस कोसळला तर पैशांचें काय, हें तेथेंच बोलून घेतात. जे बोलून घेत नाहींत त्यांच्या यात्रेंत मग तमाशाबाहेरचाहि तमाशा होतो.

इथपर्यंत सारें ठीक दिसतें. गांवानें वर्गणी काढली, कलावंतास पदरमोड करावी लागली नाहीं. एडिंबरोपेक्षां ही पद्धत अधिक माणुसकीची, असें मलाहि प्रथम वाटलें होतें. परंतु सुपारी मिळते चैत्रांत, आणि फड उभा करावा लागतो त्याच्या कितीतरी आधीं. तंबूचे मोठे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात. त्यांत नाचणाऱ्या स्त्रिया, सोंगाड्या, ढोलकीवाले, वगांतील नट, तंबू ठोकणारे, आचारी व वाहनचालक धरून शंभरांवर माणसें असतात. हंगामापूर्वीं प्रत्येकास 'उचल' द्यावी लागते. ती दिल्याखेरीज कोणी फडाशीं बांधला जात नाहीं. उचलीसाठीं मालक सावकाराकडे जातो. व्याज तेव्हांपासून चालूं होतें. उचल घेणाऱ्या स्त्रीनें ती घरच्या आजारपणांत किंवा लग्नांत केव्हांच खर्चून टाकलेली असते. फिटली नाहीं तर पुढच्या हंगामास तिला त्याच फडांत राहावें लागतें. म्हणजे उत्सवास जाण्याचे पैसे येथेंहि कलावंतच आगाऊ उभे करतो; फरक एवढाच कीं, ते कर्जाच्या रूपानें असल्यामुळें वर्गणीच्या पावतीवर दिसत नाहींत.

विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांचें नांव ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. १९९० सालीं त्यांना संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक मिळालें. २००२ सालीं त्या निवर्तल्या त्या हलाखींत, आणि रुग्णालयाचें देणें हितचिंतकांनीं पैसे जमवून भागविलें. आतां राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नांवें दिला जातो. सुषमा देशपांडे यांनीं १९८९ सालीं 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. पुढें तमाशांतील स्त्रियांशीं बोलून, त्यांच्याच आयुष्यावर त्यांनीं दुसरा एकपात्री प्रयोग रचला. एकट्या नटीला प्रवासास एक तिकीट पुरतें. ज्या स्त्रियांची ती कथा, त्यांचा फड मात्र मालमोटारींच्या रांगेवांचून हालत नाहीं.

या व्यवस्थेंत जोखीम कोणाच्या अंगावर पडते, हें २०२० सालीं दिसून आलें. त्या वर्षींचा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीहि नेमकी त्याच दिवशीं. यात्रा रद्द झाल्या. न काढलेली वर्गणी गांवकऱ्यांच्या घरांतच राहिली. उचल मात्र वांटून झाली होती आणि सावकाराचें व्याज टाळेबंदी जाणत नव्हतें. पुढच्या वर्षीं पाडवा १३ एप्रिलला आला व दुसऱ्याच रात्रीं राज्यांत पुन्हां कडक निर्बंध लागले. दोन हंगाम हातचे गेले. १ एप्रिल २०२२ रोजीं निर्बंध उठले. २ एप्रिलला पाडवा होता. नारायणगांवीं पुन्हां राहुट्या पडल्या, फलक लागले, आणि पंच मंडळी भाव काढीत हिंडूं लागली.