वाटेतली प्रत

डिसेंबर २००४मध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या काही बॅकअप टेप विमानाने दुसऱ्या केंद्राकडे निघाल्या आणि तिथे पोचल्याच नाहीत. बँकेने ही गोष्ट फेब्रुवारी २००५मध्ये जाहीर केली. अमेरिकी केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या कार्डखात्यांचा तपशील त्या टेपांवर होता. त्यात काही सिनेटरही निघाले, त्यामुळे बोभाटा जरा जास्तच झाला. त्याच वर्षी टाइम वॉर्नर कंपनीच्या ४० टेप गाडीतून नेताना गहाळ झाल्या. त्यात ६ लाख आजी-माजी कर्मचाऱ्यांची माहिती होती. जूनमध्ये सिटीग्रुपने कबुली दिली की, कुरिअरने पाठवलेल्या टेपांचा पत्ता लागत नाही आणि त्यांवर ३९ लाख ग्राहकांचे तपशील आहेत.

या तिन्ही प्रकरणांत कुणी संगणकात शिरले नव्हते की पासवर्ड फोडला नव्हता. मूळ सर्व्हर कुलूपबंद खोल्यांत सुखरूप होते. हरवली ती त्यांची नक्कल, आणि तीही प्रवासात. टेपांवरचा मजकूर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असता, तर प्लॅस्टिकची काही खोकी हरवली एवढीच बातमी झाली असती. २००७मध्ये आलेल्या एलटीओ-४ पिढीच्या टेपयंत्रांत एन्क्रिप्शनची सोय यंत्रातच बसवून मिळू लागली. तरीही २०११मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात एका कंत्राटदार कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या मोटारीतून लष्करी आरोग्य योजनेच्या बॅकअप टेप चोरीला गेल्या, आणि त्यांत ४९ लाख रुग्णांच्या नोंदी होत्या.

आता बहुतेक ठिकाणी गाडीची जागा फायबरने घेतली आहे. कंपनीचा दिवसभराचा हिशेब, पगारपत्रके, ग्राहकांचे आधार-पॅन, मेल, करारांचे मसुदे असे सगळे रात्री केबलमधून दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या शहरात जाते. टेप हरवली तर निदान मोजताना एक कमी भरते. तारेवरून कुणी नक्कल उतरवून घेतली, तर इकडचा डेटा इकडे असतो, तिकडचा तिकडे पोचलेला असतो, आणि सकाळच्या अहवालात ‘बॅकअप यशस्वी’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले असते. मला तरी फायबरवरची चोरी टेपच्या चोरीपेक्षा जास्त भयंकर वाटते.

हा नुसता भयगंड नाही. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांवरून ‘मस्क्युलर’ नावाच्या कारवाईची बातमी दिली. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या दोन हेरसंस्था गूगल आणि याहूच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या वाहिन्यांवरून माहिती उचलत होत्या. एका स्लाइडवर हाताने काढलेली आकृती होती. एका ढगावर सार्वजनिक इंटरनेट लिहिलेले, दुसऱ्यावर गूगलचे अंतर्गत जाळे, आणि मधल्या चौकटीकडे बाण करून एन्क्रिप्शन इथेच चढवतात-उतरवतात अशी टीप. शेजारी एक हसरा चेहरा. म्हणजे वापरणाऱ्यापासून गूगलच्या दारापर्यंत मजकूर बंद पाकिटात येत होता, आणि दाराच्या आत, ‘आपल्याच’ केंद्रांमधल्या प्रवासात उघडा फिरत होता.

त्याच कागदपत्रांतली एक नोंद बॅकअपवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. याहू त्या काळात ग्राहकांच्या अख्ख्या मेलपेट्याच एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवत होते. ही वाहतूक बॅकअपच्याच जातकुळीतली. ती इतकी प्रचंड होती की, मस्क्युलरच्या रोजच्या गोळाबेरजेतला पाव हिस्सा तिनेच व्यापला होता. एवढ्या पसाऱ्यात कामाचे फार थोडे मिळते, अशी कुरकुर एनएसएच्या विश्लेषकांनी केली. हेरांनाच अपचन व्हावे इतका माल! चोरांना मात्र अशी कुरकुर करण्याचे कारण नसते. त्यांना एकाच कंपनीची एकच रात्र पुरते. गूगलने आपल्या केंद्रांमधली वाहतूक एन्क्रिप्ट करण्याचे काम त्याआधीच जोरात सुरू केले होते. याहूचे ते काम मार्च २०१४अखेर पुरे झाले.

मग इतर कंपन्यांत बॅकअप अजून उघडा का धावतो? एक कारण जुन्या सवयीचे. फाइलींची नक्कल दुसऱ्या यंत्रावर नेणारे आरसिंक हे १९९६पासूनचे गुणी हत्यार आहे. एसएसएचच्या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून चालवले तर सुरक्षित, पण ८७३ क्रमांकाच्या पोर्टवर डीमन म्हणून थेट चालवले, तर मजकूर जसाच्या तसा जातो. स्टोरेजच्या मोठ्या पेट्यांचा बॅकअप घेण्यासाठी नव्वदच्या दशकात निघालेल्या एनडीएमपी या प्रोटोकॉलची डेटा-जोडणीही मुळात साधीच. हे सगळे घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकाच खोलीतले जाळे होते. पुढे खोलीचे शहर झाले आणि शहराचा देश, पण कॉन्फिगरेशनची फाइल तीच राहिली.

दुसरे कारण वेगाचे, आणि ते एके काळी खरे होते. १० टेराबाइट डेटा एक गिगाबिटच्या लाइनवरून न्यायला, लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी, २२ तास लागतात. रात्र आधीच पुरत नाही, त्यात एन्क्रिप्शनचे ओझे कुणाला हवे? पण २०१०पासून इंटेलच्या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनपद्धतीसाठी खास सूचना आल्या. आजचा एक कोर सेकंदाला गिगाबाइटहून जास्त मजकूर सहज एन्क्रिप्ट करतो, आणि एक गिगाबिटची लाइन सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट नेते. लाइनच आधी भरते. तरीही ‘परफॉर्मन्ससाठी एन्क्रिप्शन बंद’ ही खूण सेटिंगमध्ये तशीच टिकून राहते, कारण ती कुणी केली हे आता ऑफिसात कुणालाच आठवत नसते.

वेगाचा एक प्रश्न मात्र खरा आहे. एन्क्रिप्ट झालेला मजकूर यादृच्छिक आकड्यांसारखा दिसतो, त्यामुळे तो दाबून लहान होत नाही, आणि त्यातले सारखे तुकडे ओळखून एकदाच साठवणे, म्हणजे डीडुप्लिकेशन, तेही साधत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कपड्यांच्या घड्या घालायच्या, मग ट्रंकेला कुलूप. क्रम उलटा केला की बॅकअपचा आकार फुगतो आणि दोष एन्क्रिप्शनच्या माथी येतो.

तिसरे कारण मला सगळ्यांत घातक वाटते, ते म्हणजे ‘लाइन आपलीच आहे’ हा समज. सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारासारख्या संस्थांचे आपत्कालीन केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात हवे, ते जमले नाही तर किमान ५०० किलोमीटर लांब. एनएसईचे मुख्य केंद्र मुंबईत आणि हे आपत्कालीन केंद्र चेन्नईत आहे. इतक्या अंतरात दूरसंचार कंपन्यांची केबल, त्यांचे एक्स्चेंज, त्यांचे कंत्राटदार आणि रस्ता खणणारी माणसे अशी कितीतरी परक्या हातांची साखळी येते. लीज्ड लाइन किंवा एमपीएलएस जोडणी म्हणजे ट्रॅफिकला स्वतंत्र मार्गिका. एन्क्रिप्शन तिच्यात आपोआप नसते. ते वेगळे करावे लागते.

उपाय नवे नाहीत. वाटेतला मजकूर एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएसची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८मध्ये प्रमाणित झाली, आणि १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाल्या. केंद्रांमधल्या थेट दुव्यासाठी मॅकसेक आहे, दूरच्या शाखांसाठी आयपीसेकचा बोगदा आहे. पण बोगदा दोन राउटरांमध्येच असेल, तर राउटरच्या अलीकडे-पलीकडे मजकूर उघडाच राहतो. बॅकअप एजंटपासून बॅकअप सर्व्हरपर्यंत सलग टीएलएस असेल, तर मधला फायरवॉल कुणाच्या ताब्यात गेला तरी त्याच्या हाती भुसा लागतो. एनएसएच्या त्या आकृतीतला हसरा चेहरा अशाच अर्धवट कुलपावर हसत होता.

एक भीती मात्र उगाच घातली जाते: ‘किल्ली हरवली तर बॅकअप परत मिळणार नाही.’ साठवलेल्या डेटाच्या एन्क्रिप्शनबाबत ती रास्त आहे, तिथे किल्ली गेली की डेटा गेला. वाटेतल्या एन्क्रिप्शनला ती लागू नाही. टीएलएसची किल्ली त्या जोडणीपुरती जन्मते आणि काम झाले की फेकली जाते. पलीकडे पोचलेला डेटा पुन्हा उघडा होतो, म्हणून तिथल्या डिस्कवर वेगळे एन्क्रिप्शन लागतेच. ही दोन कामे वेगळी आहेत. एकाची टिकमार्क दुसऱ्यापुढे करून ऑडिटरला गप्प बसवणे सोपे असते, एवढेच.

खरी कटकट सर्टिफिकेटची. पलीकडचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याचा पुरावा सर्टिफिकेट देते. त्याची मुदत संपली की रात्री दोनला बॅकअप अडकतो, आणि सकाळी वैतागलेला माणूस तपासणीच बंद करून टाकतो. मग एन्क्रिप्शन चालू असते, पण कुणाशी, हे सांगता येत नाही. मधे उभा राहिलेला भामटा स्वतःचे सर्टिफिकेट पुढे करतो आणि सगळा डेटा त्याच्या हाती सुखरूप पोचतो. मुदतीआधी महिनाभर इशारा देणारी व्यवस्था लावणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आता कायदाही मागे लागला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या नियमांत अशा काळजीच्या यादीत एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे, आणि या तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

तुमच्या संस्थेत, मग ती सहकारी बँक असो, रुग्णालय असो की महाविद्यालय, बॅकअप कुणाकडे आहे ते शोधा आणि त्या माणसाला विचारा की एन्क्रिप्शन कुठल्या यंत्रावर सुरू होते आणि कुठल्या यंत्रावर संपते. व्हेंडरच्या माहितीपत्रकावर भागवू नका. रीतसर परवानगी घ्या, एका रात्री नेटवर्कवरचा बॅकअपचा प्रवाह वायरशार्क या साधनाने पकडा आणि त्यात एखाद्या ओळखीच्या ग्राहकाचे आडनाव शोधून बघा. सापडले, तर पुढचा बॅकअप निघण्याआधी एन्क्रिप्शन चालू करून घ्या.