झडती आणि कागद

सकाळी 7. पहिला फोन नाकाबंदीतून. वाशीला भाजी उतरवून नाशिककडे परतणारा पिकअपवाला. "वकीलसाहेब, लायसन ठेवून घेतलं." पोच दिली का, ते आधी विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 खाली ठरावीक कारणांसाठी लायसन ठेवून घेता येतं, पण पोच द्यावीच लागते. "दादा, वाद घालू नका, पोच मागा. आरसी डिजीलॉकरमधलं दाखवलं तरी चालतं. कोऱ्या कागदावर मात्र सही नको."

11. सत्र न्यायालय. गांजाचा खटला, पंचाची उलटतपासणी.

"तुम्ही पोचलात तेव्हा गोण्या कुठे होत्या?"

"रस्त्याच्या कडेला, रांगेत लावलेल्या."

"टेम्पोत नव्हत्या?"

"नाही."

पंचनाम्यात मात्र 'आम्हा पंचांसमक्ष वाहनातून खाली उतरविल्या' असं टाईप केलेलं. पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. हे उत्तर नीट नोंदलं जाणं महत्त्वाचं होतं.

2. जेवणाच्या सुट्टीत आरोपीचा भाऊ गाठतो. गाडी तपासताना राजपत्रित अधिकारी हवाच होता ना? नाही. एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम 50 फक्त अंगझडतीपुरतं. पिशवी त्यात येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली पवनकुमार प्रकरणात स्पष्ट केलं, आणि गाडीलाही तेच लागू. अंगझडतीआधी मात्र राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागण्याचा हक्क पोलिसांनी सांगायलाच हवा. बाईची झडती बाईनेच घ्यायची. परदेशी रील पाहून रस्त्यावर 'वॉरंट दाखवा' म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. अमली पदार्थांचा संशय असेल तर सार्वजनिक ठिकाणी वॉरंट लागत नाही, आणि अडवणूक केली तर वेगळा गुन्हा अंगावर येतो.

3.30. दुसऱ्या प्रकरणात जप्त टेम्पो सोडवण्याचा अर्ज. जप्त गाड्या ठाण्यात पडून ठेवू नका, असं सांगणाऱ्या 2002 च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालाला इतकी वर्षं झाली, तरी ठाण्यांच्या आवारात गाड्या गंजतातच. मालकाचे हप्ते थांबत नाहीत. हा अन्यायच आहे.

संध्याकाळी 7. ऑफिस. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. नव्या प्रकरणातली क्लिप लावली. पहिल्याच क्षणी फाळका उघडलेला, ताडपत्री बाजूला, हवालदार आत चढलेला. पंच नंतर चालत येतात. वेळ टिपून ठेवली. तपासी अधिकारी साक्षीला आले की फाळका कोणी आणि कधी उघडला, तिथूनच सुरुवात करायची.