ख्रिस्ती जीवनातील आज्ञापालन : पंडिता रमाबाईंच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

‘आज्ञापालन’ या शब्दाबरोबर हुकूम देणारा आणि तो निमूटपणे पाळणारा असे दोन पक्ष डोळ्यांसमोर येतात. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र ही संकल्पना श्रद्धेशी निगडित आहे. म्हणूनच श्रद्धेतून येणारे आज्ञापालन हे धर्मसंस्थेच्या अधिकाऱ्यांप्रत असते की ईश्वराप्रत, असा प्रश्न उपस्थित होतो. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचे स्वरूप

हिब्रू भाषेतील ‘शमा’ या क्रियापदाचे ऐकणे आणि मानणे असे दोन्ही अर्थ होतात. नव्या करारातील ग्रीक ‘हुपाकोए’ हा शब्दही ऐकण्याच्या धातूपासूनच सिद्ध झाला आहे. मराठीतही ‘मूल आईचे ऐकते’ असे आपण म्हणतो, तेव्हा हाच दुहेरी अर्थ अभिप्रेत असतो. रोमकरांस पत्रात पौल विश्वास आणि आज्ञापालन यांना एकत्र जोडतो. गंतव्य ठाऊक नसताना घर सोडणारा अब्राहाम हे त्याचे बायबलमधील प्रमुख उदाहरण होय. याउलट, धर्मसभेने मनाई करूनही उपदेश न थांबवणारे प्रेषितही आज्ञाधारकच ठरतात. अर्थात, कोणाचे ऐकावयाचे याचा विवेक आज्ञापालनातच अंतर्भूत आहे.

वाँटेज येथील मतभेद

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना सहज पटत नव्हता. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असे त्या विचारीत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या त्यांच्या योजनेस भारतातील बिशपांनी विरोध केला, तोही त्यांना मान्य झाला नाही. जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. ही शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण विवेकाच्या नावाखाली स्वेच्छाचारही वावरू शकतो. रमाबाईंची भूमिका अशी होती, की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर त्या दुसरे स्वीकारणार नाहीत. तथापि त्यांनी नाते तोडले नाही. पत्रांत त्या जेराल्डीन यांना ‘आजीबाई’ असे संबोधीत.

केडगावचा पुरावा

विवेक आणि स्वेच्छाचार यांतील भेद युक्तिवादाने नव्हे, तर त्यासाठी मोजलेल्या किमतीने स्पष्ट होतो. १८८९ मध्ये स्थापन केलेल्या शारदा सदनात धार्मिक सक्ती नव्हती. परंतु स्वतःची प्रार्थना लपविणे रमाबाईंनी नाकारले. काही मुली त्या प्रार्थनेकडे ओढल्या गेल्यामुळे वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. पुण्यातील मोठा आधार त्यामुळे गमावला गेला. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभी राहिली. ज्यांनी इंग्लंडमध्ये आज्ञा नाकारली, त्यांनीच येथे उर्वरित आयुष्य सेवेस वाहिले. उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते संपूर्ण स्वरूपात १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीला जे कळतच नाही, ते ती ऐकणार तरी कशी? या दृष्टीने हे भाषांतर त्यांच्या आज्ञापालनाच्या कल्पनेचेच फलित मानता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की ख्रिस्ती जीवनात आज्ञापालन हे श्रद्धेचे मूल्य चुकते करणे नसून तिचे दृश्य रूप आहे. संस्थेचा अधिकार त्यास साहाय्यभूत ठरू शकतो. परंतु तो ईश्वराच्या स्थानी बसू शकत नाही. त्याचबरोबर, अंतःकरणाचा आवाज ऐकतो असे म्हणणाऱ्या व्यक्तीने त्या आवाजासाठी काय सोडले आणि त्यातून दुर्बलांच्या वाट्याला काय आले, हे तपासणे आवश्यक ठरते. रमाबाईंना केवळ बंडखोर किंवा केवळ भक्त म्हणून शिकविल्यास त्यांच्या चरित्राचा अर्धाच भाग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. कारण त्यांचा नकार आणि त्यांची सेवा यांचा उगम एकाच श्रद्धेत आहे.