माँटेरेची दुपार आणि रात्र

संगीत महोत्सवातील एखादे सादरीकरण पुढे अनेक वर्षे का आठवले जाते, याचे उत्तर केवळ कलावंताच्या तयारीत सापडत नाही. त्याच्या आधी मंचावर कोण होते, नंतर कोण येणार होते आणि त्या वेळी कॅमेरा चालू होता की नाही, यांवरही ते अवलंबून असते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे 16 ते 18 जून 1967 या तीन दिवसांत झालेला ‘माँटेरे इंटरनॅशनल पॉप फेस्टिव्हल’ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. गायक जॉन फिलिप्स आणि निर्माते लू अ‍ॅडलर यांनी ‘पॉप’ या शब्दाचा अर्थ इतका सैल ठेवला होता की त्यात रॉक, कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून आणि ब्लूजमधून घडलेले सोल संगीत, दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू मासेकेला यांचा ट्रम्पेट आणि पंडित रविशंकर यांची सतार, हे सारे सामावले. इतर कलावंतांनी मानधन घेतले नाही. रविशंकर यांना मात्र 3,000 डॉलर देण्यात आले.

शनिवारी रात्री सोल गायक ओटिस रेडिंग यांनी जेमतेम पाच गाणी गाऊन मुख्यतः गोऱ्या तरुणांचा श्रोतृवर्ग जिंकला आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. गायिका जॅनिस जॉप्लिन यांचे शनिवार दुपारचे गाणे त्यांच्या वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाने नकार दिल्यामुळे चित्रित झालेच नाही, म्हणून रविवारी त्यांना कॅमेऱ्यासमोर पुन्हा गावे लागले. जग ज्याला त्यांचे अविस्मरणीय गायन मानते, ते असे दुसऱ्या खेपेचे आहे.

रविवारची दुपार रविशंकर यांच्यासाठी राखीव होती. मुंबईकर अल्लारखाँ तबल्यावर आणि कमला चक्रवर्ती तानपुऱ्यावर, अशा साथीने सुमारे तीन तास चाललेल्या या मैफलीत भीमपलास वाजला. गंधार-निषाद कोमल असलेल्या आणि आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य करणाऱ्या या रागाची वेळ दिवसाचा तिसरा प्रहर असल्याने राग आणि घड्याळ यांचा मेळ आपोआपच बसला होता. बारा मात्रांच्या एकतालातील तबलावादनानंतर आली ती धून, म्हणजे लोकगीताच्या वळणाची, रागाचे बंधन सैल ठेवणारी रचना. ती सहा मात्रांच्या दादऱ्यातून निघून सोळा मात्रांच्या द्रुत तीनतालात पोहोचली.

त्याच रात्री ‘द हू’ हा रॉक वाद्यवृंद आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्यापैकी आधी कोणी वाजवायचे याचा निर्णय नाणे उडवून झाला, ‘द हू’ यांना पहिली पाळी मिळाली आणि त्यांच्यातील पीट टाउन्शेंड यांनी गिटार आपटून फोडली; मग हेंड्रिक्स यांनी गुडघे टेकून, लायटरमधील इंधन ओतून आपली रंगवलेली गिटार पेटवली आणि जळते वाद्य मंचावर आदळले. रविशंकर यांना हे असह्य वाटले, आणि खंडेनवमीला वाद्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या घरातील वाचकाला त्याचे कारण वेगळे सांगायला नको. तथापि हेंड्रिक्स यांचे वादन त्या आगीपुरते नव्हते, कारण अ‍ॅम्प्लिफायरमधून परत येणारा कर्कश नाद त्यांनी सुरासारखा वापरला होता. ज्वाळांच्या छायाचित्राने ती कला काहीशी झाकोळली, हे मान्य करावे लागेल.

दिग्दर्शक डी. ए. पेनबेकर यांच्या महोत्सवावरील ‘माँटेरे पॉप’ या सुमारे 80 मिनिटांच्या चित्रपटाने मात्र हा क्रमच उलटवला. प्रत्यक्षात महोत्सवाची सांगता फिलिप्स यांच्या ‘द मामाज अँड द पापाज’ या गायकवृंदाने केली. चित्रपटात गिटार आधी जळते आणि शेवटची पंधराहून अधिक मिनिटे सतार-तबल्याला मिळतात, तीही भीमपलासाची नव्हेत, तर धुनेची. आरंभी वादक दिसतच नाहीत. कॅमेरा महोत्सवाच्या आवारात, श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत राहतो, आणि बराच वेळ सतार नुसती ऐकू आल्यानंतर रविशंकर यांची बोटे पडद्यावर येतात.