गोठ्यातली बातमी, ओवीच्या वाटेने

ख्रिस्तजन्माची वार्ता आधी कळली ती रानात मेंढरं राखणाऱ्यांना, असं लूकचं शुभवर्तमान सांगतं. त्यांनी गव्हाणीतलं बाळ पाहिलं आणि जे कळलं ते इतरांना सांगत सुटले. मराठीत हे सांगणं सुरू झालं त्याला चार शतकं उलटून गेली. ते टिकलं ते बहुतेक वेळा इथल्या ओळखीच्या चालीत बसलं म्हणूनच.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि तिथल्या साष्टीत राहिला. काळ सुखाचा नव्हता. देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावकारांवर उगवला. आनंदाची म्हणून जी वार्ता आली, तिच्यामागे तलवार होती. हे झाकून तिचा मागोवा घेता येणार नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी वाचायला काही द्या, ही मागणी त्यांच्यातूनच आली, असं स्टीफन्सच्या ग्रंथातच येतं. त्याने दिलं ते जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण. रायतूरला १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने इथल्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या. ‘क्रिस्तपुराण’ हस्तलिखितांतून तगलं आणि १९०७ मध्ये मंगळुरात पुन्हा छापलं गेलं. मराठीतला येशूजन्म इतकी वर्षं कानडी मुलुखातल्या ख्रिस्ती घरांनी जपला, याचं मला अजून नवल वाटतं.

देशावर हे काम नगरात झालं. अमेरिकन मराठी मिशनच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. मग नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ज्या वार्तेला टिळक आनंदाची म्हणत होते, तिने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आधी ताटातूट आणि बोलणी आणली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे कुठेही सुटत नाही, आणि तरी बाईंचं हसू आटत नाही. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अपुरं होतं. फारसं शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पुरं केलं. प्रचारकांच्या डझनभर प्रवचनांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं. २०२० च्या धाराशिव साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून काहींनी आरडाओरडा केला. पाठदुखीने बेजार असूनही ते संमेलनाला गेले आणि बोलले.

गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बेबिंक यांचं ताट शेजारच्या हिंदू घरी जातं. गणेशचवथीला तिकडून फराळ येतो. आनंद वाटायला इथे पुराण लागत नाही की कीर्तन.

मुंबईतल्या बऱ्याच चर्चमध्ये आता नाताळची गाणी इंग्रजीच. टिळकांची भजनं मात्र नगरकडच्या उपासनेत अजून म्हटली जातात, पेटी-तबल्यावर, टाळ्यांच्या ठेक्यात.