चाळीस थेंबांचा हिशेब

चाळीस घास अन्नातून रक्ताचा एक थेंब, चाळीस थेंब रक्तातून मज्जेचा एक थेंब आणि चाळीस थेंब मज्जेतून वीर्याचा एक थेंब. कुठे मज्जेची पायरी गाळली जाते, कुठे चाळीसाचे शंभर होतात; पण वसतिगृहात, तालमीत किंवा एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यापाशी हा हिशेब कानावर पडला नाही, असा मराठी मुलगा विरळाच. तो कुणी सोडवून मात्र बघत नाही. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण तीन मिलिलिटर. चाळीस गुणिले चाळीस सोळाशे, सोळाशे त्रिक चार हजार आठशे. म्हणजे पावणेपाच लिटरहून जास्त रक्त. प्रौढ पुरुषाच्या अंगात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास असतं. पहिल्याच खेपेला गडी आडवा व्हायला हवा. मज्जा वगळून सौम्य हिशेब धरला, तरी रक्त भरतं १२० मिलिलिटर. रक्तदान शिबिरात ३५० मिलिलिटर काढून घेतात, हातावर बिस्किटाचा पुडा ठेवतात आणि दाता दुपारी कामावर हजर होतो.

गणित कोसळलं म्हणून भीती जात नाही, हे खरं. ती फार जुनी आहे आणि फक्त आपली नाही. वीर्य म्हणजे रक्ताचाच शिजून उरलेला अर्क, असं अॅरिस्टॉटल मानत असे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा डॉक्टर तिसो याने हस्तमैथुनाच्या दुष्परिणामांवर १७६० मध्ये फ्रेंचमध्ये ग्रंथ छापला. एक औंस वीर्य गमावणं म्हणजे चाळीस औंस रक्त गमावणं, असं त्यात आहे. तोच आकडा! अंधत्व, क्षय, वेड, पाठीच्या कण्याची झीज असे सगळे रोग त्याने त्या एका सवयीच्या माथी मारले. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाची निनावी पुस्तिका निघाली होती. तिच्यात या ‘पापा’चं भयानक वर्णन होतं आणि त्यावरच्या औषधाची जाहिरातही होती. आधी रोग विकायचा, मग त्यावरचा काढा विकायचा, हा धंदा महामार्गालगतच्या तंबूत सुरू झाला नाही. लंडनच्या छापखान्यात तो तीनशे वर्षांपूर्वी जोरात होता.

पुढे एकोणिसाव्या शतकात लालमाँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाने नकळत वीर्य गळण्याला रोगाचा दर्जा दिला आणि युरोपातले भले भले डॉक्टर त्याच्या मागे गेले. अमेरिकेत डॉ. केलॉग यांनी हस्तमैथुनाच्या सवयीविरुद्ध रान उठवलं. इथे जाता जाता एक सांगतो. त्यांनी कॉर्नफ्लेक्स हस्तमैथुन थांबवण्यासाठी शोधले, ही हल्ली मोबाइलवर फिरणारी गोष्टही थापच. केलॉगना ती सवय घातक वाटे, हे खरं; मसालेदार आहाराने वासना चाळवते, असंही ते म्हणत. पण १८९६ चं त्यांचं पेटंट धान्याच्या पचायला हलक्या पापुद्र्यांसाठी होतं. गैरसमज खोडणाऱ्यांनीही तपासून बोललेलं बरं.

आपल्याकडचा मूळ विचार आयुर्वेदाच्या सप्तधातूंचा: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. एकातून दुसरा घडत जातो आणि शेवटी शुक्र, अशी ती मांडणी. तिला आजच्या शरीरशास्त्राचा आधार नाही. पण तिच्यातून ‘थेंब गेला की आयुष्य गेलं’ असंही निघत नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अख्खं अंग वाजीकरणाचं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर ऋतूनुसार वेळापत्रकच दिलं आहे: थंडीत इच्छेप्रमाणे, वसंतात आणि शरदात तीन दिवसांनी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पंधरवड्याने. हे मर्यादेत भोगा म्हणणारं शास्त्र आहे, दातखीळ बसवणारं नाही. दातखीळ बसवणारा सूर बराचसा युरोपातून आला. छापखाने, मिशनरी शाळा, पेटंट औषधं यांच्या वाटेने तो आला आणि आपल्या जुन्या धातूविचाराला असा चिकटला की आज दोघांनाही ‘ऋषिमुनींनी सांगितलेलं’ म्हणून खपवतात. जुन्या मराठी वृत्तपत्रांची पानं चाळा, धातुपुष्टीच्या गोळ्यांच्या जाहिराती हटकून दिसतील. युरोपने पुढे तिसोला रद्दीत टाकलं. आपण त्याची समजूत आपलीच पुरातन विद्या म्हणून जपली.

वीर्यात असतं काय? साठ-सत्तर टक्के द्रव शुक्राशयांतून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेट ग्रंथीतून. प्रत्यक्ष शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के. पाणी, फ्रुक्टोज साखर, सायट्रिक आम्ल, थोडी प्रथिनं, थोडं जस्त. एवढी भरपाई दुपारच्या जेवणातल्या चार घासांत होते. शुक्रजंतू वृषणात अखंड तयार होत राहतात. एकाला घडून निघायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि दर सेकंदाला हजारावर नवे होतात. ते साठवून मेंदूकडे वर चढवण्याची कुठलीही नळी शरीरात नाही. वापरले गेले नाहीत तर ते आतल्या आत मोडतात आणि शरीर ते शोषून घेतं, नाहीतर झोपेत बाहेर पडतात. वयात आलेल्या मुलाला झोपेत वीर्यपात होणं हे मुलीला पाळी येण्याइतकंच स्वाभाविक आहे. संशोधक किन्सी यांनी अमेरिकेतल्या पुरुषांच्या लैंगिक वर्तनाचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ९२ टक्क्यांनी हस्तमैथुन केल्याचं सांगितलं होतं. त्याने आंधळेपण किंवा वेड येत असतं, तर जगाचा कारभार उरलेल्या आठ टक्क्यांना हाकावा लागला असता.

आता दवाखान्यात चला. विशीतला पोरगा डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसलेला असतो. “लघवीतून धातू जाते,” म्हणतो. कंबर दुखते, छातीत धडधडतं, अभ्यास लक्षात राहत नाही, गाल आत गेलेत. सकाळी लघवी पांढुरकी होते, ते त्याने स्वतः पाहिलेलं असतं. त्यामुळे ‘काही नाही तुला’ म्हणून भागत नाही. शहाणा डॉक्टर ती लघवी परीक्षानळीत घेतो, तिच्यात अॅसेटिक आम्लाचे, म्हणजे साध्या व्हिनेगरमधल्याच आम्लाचे, चार-दोन थेंब टाकतो आणि नळी उजेडात धरतो. गढूळपणा डोळ्यांदेखत विरून जातो. ते फॉस्फेटचे क्षार होते. लघवी अल्कधर्मी झाली की ते साका धरतात आणि आम्ल लागलं की विरघळतात. वीर्य असतं तर असं झालं नसतं. आम्ल टाकूनही गढूळपणा राहिला तर पू किंवा जंतुसंसर्ग आहे का, ते तपासायचं. त्यावरही रीतसर औषध आहे.

या तक्रारीला १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही त्याची नोंद झाली. पोराचा थकवा खोटा नसतो, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. झोप खरोखर उडालेली असते, भूक मेलेली असते. फक्त त्याचं कारण गेलेल्या थेंबात नसून भीतीत असतं. अशा रुग्णांत नैराश्य आणि चिंतेचे विकार ठळक आढळतात. त्यांची थट्टा करणारा डॉक्टर आणि त्यांना पुड्या बांधून देणारा भोंदू, दोघेही त्यांना सारखेच परके. फरक एवढाच की भोंदू निदान ऐकून घेतो.

बायकांच्या वाट्यालाही हाच हिशेब आला आहे. अंगावरून पांढरं जातं म्हणजे हाडं विरघळून जातात, अंगातली ताकद झिरपते, असं सासू सुनेला सांगते आणि सून पुढे मुलीला. पाळीच्या चक्रात, विशेषतः बीज सुटण्याच्या सुमारास, पातळ आणि बिनवासाचा स्राव जाणं हे निरोगी शरीराचं काम आहे. हाडाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मात्र त्याला दुर्गंधी आली, खाज सुटली, रंग हिरवट-पिवळा झाला, दह्यासारख्या गुठळ्या पडू लागल्या किंवा ओटीपोट दुखू लागलं, तर तो संसर्ग असू शकतो आणि बहुधा साध्या औषधांनी बरा होतो. लाजेपायी तो अंगावर काढला तर गर्भनलिकांपर्यंत पोचू शकतो. ‘पांढरं जाणारच’ म्हणून खरा आजार दुर्लक्षित राहतो आणि ‘हाडं विरघळतात’ म्हणून नसलेल्या आजाराचा धसका बसतो. एकाच घरात दोन्ही चालतं.

हे सगळं मराठीत कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणणं रघुनाथ धोंडो कर्व्यांवर अन्याय करण्यासारखं होईल. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपलं केंद्र उघडलं तेही त्याच साली. कॉलेजच्या चालकांना हे रुचेना, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. काम सोडलं नाही. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून, चालवलं. पाटीवर प्रमेय सोडवावं तसं ते लिहीत: भावनेला हात न घालता, पायरी न गाळता.

खटले झाले. त्यांतला १९३४ चा आपल्या विषयाच्या ऐन गाभ्याशी आहे. वाचक मासिकाला खाजगी शंका पाठवत आणि कर्वे छापून उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या अशाच उत्तरांना सरकारने अश्लील ठरवलं. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही. लोक अज्ञानापोटी विचारत असतील तर ज्ञान देणं हाच उपाय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या, तेव्हा संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींचा ठाम विरोध होता. उपाय एकच, संयम. वीर्यरक्षणावर त्यांची श्रद्धा होती. महात्म्याचा शब्द एका बाजूला आणि दंड झालेला गणिताचा मास्तर दुसऱ्या बाजूला. लोकांनी कुणाचं ऐकलं, ते उघड आहे. या एका बाबतीत मास्तर बरोबर होता.

कर्व्यांवर पुढे अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ चित्रपट आला, अतुल पेठे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नाटक केलं. टाळ्या मिळाल्या. दरम्यान २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी घातली. मुंबईत डॉ. महिंदर वत्स इंग्रजी वर्तमानपत्राच्या सदरातून वाचकांच्या असल्याच शंकांना चुरचुरीत उत्तरं देत राहिले. २०२० च्या डिसेंबरात ९६ व्या वर्षी ते गेले. कर्व्यांच्या वाचकांना पडलेले प्रश्नच त्यांच्याही टपालात असत.

थेंबाच्या भीतीची सर्वांत मोठी किंमत पुरुषांनी मोजलेली नाही. नसबंदी केली की मर्दानगी जाते, जड काम होत नाही, ही तिचीच पुढची पायरी. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते. ९५ टक्क्यांहून अधिक द्रव पूर्वीसारखाच येतो, संप्रेरकं रक्तातून फिरतच असतात, इच्छा आणि ताठरता यांना धक्का लागत नाही. बाईच्या शस्त्रक्रियेला पोट उघडावं लागतं. पुरुषाची बाहेरच्या बाहेर, काही मिनिटांत होते. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के होतं. चाळीस थेंबांचा हिशेब शेवटी असा बायकोच्या पोटावर टाके घालून चुकता होतो.

तंबूतल्या वैदूंचा आणि ‘गुप्तरोग’वाल्यांचा कायदेशीर बंदोबस्त कागदावर चोख आहे. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरातच करू देत नाही. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी रेल्वेमार्गालगतच्या भिंती बघा. यातला खरा धोका पैसे बुडण्याचा नाही. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. छातीत दुखण्यावर नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते पोटात घेतलं तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. आणि पन्नाशीच्या माणसाची ताठरता कमी होते तेव्हा मागे बऱ्याचदा मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी तुंबतात. हृदयविकाराची ती काही वर्षं आधी मिळालेली सूचना असू शकते. ती सूचना चूर्णाच्या पुडीत गुंडाळून ठेवणारा माणूस गेला, तर त्याला वीर्यनाशाने मारलेलं नसतं.

तालमीतल्या वस्तादांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ब्रह्मचर्याने शिस्त लागते, पोरगं रात्री वेळेवर झोपतं, हे मान्य. पण आदल्या रात्रीच्या संबंधाने दुसऱ्या दिवशीची ताकद घटते का, हे शास्त्रीय चाचण्यांत तपासून झालं आहे. घट दिसली नाही. जागरणाने मात्र दमछाक होते.

लघवीत किंवा वीर्यात रक्त, लघवी करताना आग, जननेंद्रियावर फोड किंवा जखम, वृषणात गाठ किंवा एकदम उठलेली तीव्र कळ, ताठरतेतला टिकून राहिलेला बदल, यांपैकी काही असेल तर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढा आणि मूत्ररोग किंवा त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवा. वृषणाची एकाएकी उठलेली कळ असेल तर काही तासांच्या आत जा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. यातलं काही नाही, फक्त धातू जाते म्हणून झोप लागत नाही, तरीही जा. मानसोपचार विभागात जायला लाजू नका. घरात दहा ते एकोणीस वयाचं मूल असेल, तर त्याला सांगा की राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. तिथे समुपदेशक असतो, पैसे लागत नाहीत आणि विचारलेलं बाहेर सांगितलं जात नाही.